तळघराचं काम काढायच्या आधी विहिरीत दोरी सोडली

सध्या नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे आणि हे सगळं मी तळघरात बसून टाइप करतेय. वर हॉलमध्ये कूलर फुलवर असूनही दुपारी तीनला थर्मामीटर ३५ दाखवतो, गच्चीवर तर पाय टेकवत नाही, आणि इथे खाली पंखासुद्धा न लावता ३०. मुद्दाम दोन थर्मामीटर आणलेत, एक वर एक खाली, आणि मागच्या उन्हाळ्यापासून रोजचं वहीत लिहून ठेवतेय. या तळघराचं नीट काम करायचं मनात आहे, त्याचं प्लॅनिंग जवळजवळ वर्षभर चाललंय, आणि एवढ्या दिवसांत जे जे कळलं ते एका ठिकाणी लिहावं म्हटलं, कारण नागपुरात जुन्या घरांना अशी तळघरं बरीच आहेत आणि बहुतेकांची अवस्था आमच्यासारखीच, म्हणजे अडगळ, ओल आणि कुबट वास.

घर बाबांनी १९८४ मध्ये बांधलं, रामनगरच्या चढावर. प्लॉट उताराचा, समोरचा रस्ता उंच आणि मागचं अंगण खाली, मधे जी जागा उरत होती ती मुरूम टाकून भरण्यापेक्षा बाबांनी तिथे तळघर काढलं. २२ बाय १४ फूट. समोरून मोजलं तर फरशी रस्त्यापासून सात फूट खाली आहे, मागून मोजलं तर अंगणापासून चारच फूट, त्यामुळे मागच्या भिंतीला वरच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या निघाल्या आणि दुपारनंतर त्यातून उजेडाचा एक पट्टा आत येतो. शहाबादी फरशी, विटांच्या जाड भिंती, छत आठ फूट दोन इंच आणि मधली बीम सात फूट चार इंचांवर.

आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्या म्हणजे हे तळघर. मामाकडचे, आत्याकडचे मिळून आठ-दहा पोट्टे, जेवण झालं की सतरंजी घेऊन सगळे खाली, बाहेर कर्फ्यू लागल्यासारखी सामसूम आणि आत मेंढीकोटचे डाव. फरशीला पाठ टेकवली की जो गारवा लागायचा तो मला अजून आठवतो. आई चारच्या सुमारास पन्ह्याचा गंज घेऊन खाली यायची. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ पारा गेला होता, त्या दिवशी लाइट पण गेली होती आणि बाबा, आई, शेजारचे काका-काकू सगळे इथेच येऊन बसले होते. बाबा त्यांच्या आरामखुर्चीत, हातात ताडाचा पंखा. आता बाबा नाहीत, खुर्ची आहे.

हा गारवा काही जादू नाहीये. जमिनीच्या खाली काही फुटांवर गेलं की तापमान वर्षभराच्या सरासरीच्या जवळ टिकून राहतं, नागपूरची ती सरासरी २७ च्या आसपास आहे, म्हणून मे महिन्यात वर कितीही भाजलं तरी खालच्या मातीला ते कळायला खूप वेळ लागतो. म्हणजे फुकटचा एसी बाबांनी ४० वर्षांपूर्वीच करून ठेवलाय आणि आपण तिथे जुने टायर, तुटलेला पाळणा आणि रद्दी ठेवलीय, हे मला मनापासून लागतं. म्हणून हे काम. बाबांची पुस्तकं, बसायला जागा, आईला दुपारी चार तास गारव्यात काढता येतील अशी सोय, आणि एका भिंतीला घरातलं सामान नीट ठेवायला रॅक. एवढंच हवंय.

पण पाणी.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये नागपुरात जे झालं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आदल्या दिवशी, २२ तारखेला, आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं, पंचवीस पान उठलं, आम्ही थकून झोपलो आणि रात्री दोनच्या सुमारास पाऊस जो सुरू झाला तो काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये लोकांच्या घरात पाणी शिरलं, माणसं गेली. आम्ही चढावर राहतो म्हणून आम्हाला काही होणार नाही अशी आमची समजूत होती. पहाटे भाऊ टॉर्च घेऊन खाली गेला आणि जिन्यावरूनच ओरडला. तळघरात २२ इंच पाणी, आणि त्यावर आमची महालक्ष्म्यांची लोखंडी ट्रंक तरंगत होती. मुखवटे वर पूजेत होते म्हणून ट्रंक रिकामी होती, म्हणून ती तरंगली. बाबांच्या पुस्तकांचे खालचे दोन रॅक गेले. आईने एकेक पुस्तक गच्चीवर वाळत घातलं, पानं फुगून आली होती, काही आम्ही अजूनही फेकलेली नाहीत.

त्या पाण्याबद्दल आम्ही सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली, की ते भिंतीतून आलं. मग ठेकेदार बोलावले, तिघं येऊन गेले, तिघांनीही भिंतीवर हात फिरवला, पोपडे काढून दाखवले आणि तिघांचंही म्हणणं एकच, ताई आतून चांगलं केमिकल मारून देतो, वरून टाइल लावून देतो, पाच वर्षं बघायचं काम नाही. एकाने फॉल्स सीलिंग, स्पॉट लाइट, खोटं लाकूड वगैरे सगळं मोबाइलवर दाखवलं. दिसत छान होतं. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला करून टाक ना जी, कशाला इतका विचार. पण मला एक कळत नव्हतं की पाणी नेमकं कुठून येतं हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, आणि जर तेच माहीत नसेल तर केमिकल कुठे मारणार.

शेवटी ओळखीतून एक वयस्कर स्ट्रक्चरल इंजिनिअर भेटले, रिटायर झालेले. ते आले, तळघरात पाच मिनिटं उभे राहिले आणि सरळ मागच्या अंगणात विहिरीपाशी गेले. म्हणाले, पावसाळ्यात हिचं पाणी कुठवर येतं? आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही. विहीर आहे, मोटर आहे, झाडांना पाणी जातं, कोण बघतं. त्यांनी सांगितलं, वर्षभर दर रविवारी दोरी सोडून मोजा, आणि तळघरातली ओल कुठे कुठवर चढते त्यावर भिंतीवर पेन्सिलने खूण करून तारीख टाका, मग आपण बोलू. एक वर्ष थांबायचं म्हटल्यावर माझा चेहरा पडला होता, पण आज मी त्या माणसाला मनापासून धन्यवाद देते.

दोरीला खालच्या टोकाला लोखंडी नट बांधला आणि दर फुटाला गाठ. मे महिन्यात पाणी अंगणापासून २६ फूट खाली. जुलैच्या शेवटी १४. ऑगस्टमध्ये भराभर वर आलं आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन फुटांवर. आता तळघराची फरशी अंगणापासून चार फूट खाली आहे हे लक्षात घ्या. म्हणजे ते दोन-तीन आठवडे आमच्या फरशीच्या खालीच काय, फरशीच्या एक फूट वरपर्यंत आजूबाजूच्या जमिनीत पाणी उभं होतं. फरशीच्या सांध्यातून त्याच दिवसांत पाणी पाझरलं, वहीत दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत.

याचा हिशेब इंजिनिअर काकांनी मला कागदावर करून दाखवला आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एक फूट पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला साधारण ३०० किलो, आणि तो दाब खालून वर असतो. आमची फरशी २८-२९ चौरस मीटर, म्हणजे सगळी मिळून पावणेनऊ टनांच्या जवळपास वर ढकलतंय पाणी. आणि खालचं चार इंची काँक्रीट, त्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला २४० किलो. म्हणजे पाण्याचा दाब फरशीच्या वजनापेक्षा जास्त भरतो. अशा फरशीवर वरून कितीही महाग केमिकल मारलं, कितीही भारी टाइल लावली, तरी पाणी एखादा सांधा शोधून ती उचलणारच. फरशी जाड करून भागवायचं म्हटलं तर आठ-दहा इंच उंची जाते, आणि आमच्याकडे बीमखाली आधीच सात फूट चार इंच आहेत. खाली खोदून उंची वाढवू का असं मी विचारलं होतं, त्यावर ते एकदम गंभीर झाले, म्हणाले भिंतींचा पाया त्याच लेव्हलला आहे, त्याच्या खालची माती काढली तर वरचं घर कशावर उभं राहणार. तो विषय तिथेच संपला.

म्हणून ठरलं ते असं की पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची. आतल्या बाजूने भिंतीलगत फरशी सहा-आठ इंच रुंद उचलायची, तिथे बारीक चारी खणून तिच्यात भोकं असलेला पाइप आणि गिट्टी, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्याकडे, पण भिंतीच्या पायापासून अंतर ठेवून, दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा. त्यात फ्लोट स्विच असलेला सबमर्सिबल पंप, पाणी ठरावीक उंचीवर आलं की आपोआप सुरू. दुसरा पंप स्पेअरमध्ये, आणि दोन्हीची लाइन इन्व्हर्टरवर, कारण मोठा पाऊस आणि लाइट जाणं हे आपल्याकडे एकत्रच येतं. पंपाचं पाणी मागच्या गल्लीतल्या चेंबरमध्ये सोडायचं नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण वहीतून दुसरी गोष्ट उलगडली ती हीच.

२०२३ चं ते २२ इंच पाणी भिंतीतून आलंच नव्हतं. भिंतीवरची ओल वर्षानुवर्षं हळूहळू चढणारी, एका रात्रीत तेवढं पाणी ती देऊच शकत नाही. तळघराच्या कोपऱ्यात एक छोटी मोरी आहे, बाबांनी फरशी धुवायला ठेवलेली, तिचा पाइप मागच्या गल्लीतल्या चेंबरला जातो. त्या रात्री गटारं तुंबली, चेंबर भरलं आणि ते सगळं घाण पाणी उलटं आमच्या मोरीतून वर आलं. आठवून बघितलं तर आईने तेव्हाच सांगितलं होतं की पाण्याला गटाराचा वास आहे, आणि आम्ही कोणी लक्ष दिलं नाही. आता ती मोरी कायमची बंद होतेय, काँक्रीट टाकून. ज्यांना मोरी ठेवायचीच आहे त्यांनी निदान नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी बाहेर जाईल पण उलटं येणार नाही, आणि तो व्हॉल्व्ह दर पावसाळ्याआधी उघडून साफ करा, कचरा अडकला तर तो लागतच नाही.

तिसरी गोष्ट गच्चीची. ही तर इतकी साधी होती की मला राग आला. आमची गच्ची १२०० चौरस फूट, म्हणजे १११ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पडला की अकरा हजार लिटर, दोन मोठे टँकर भरून. आणि गच्चीच्या चार पन्हाळी पाइपांपैकी तीन पाइप बरोब्बर तळघराच्या भिंतीलगत जमिनीवर सुटतात! ४० वर्षं आपण आपल्याच हाताने आपल्या भिंतीच्या मुळाशी पाणी ओततोय. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस होतो, गुणाकार तुम्हीच करा. हे पाइप आता जोडून थेट पुढे, अंगणाच्या पार टोकाला नेतोय. रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा करायची पण इच्छा आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण तळघर असलेल्या घरात तो खड्डा भिंतीपासून जितका लांब नेता येईल तितका न्यायचा, नाहीतर मुरवलेलं पाणी परत आपल्याच फरशीखाली येऊन बसतं.

मातीबद्दलही सांगायचं राहिलं. आपली काळी माती म्हणजे पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते सगळ्यांनी बघितलंय. बाबांनी तळघर बांधताना खोदलेली काळी मातीच परत भिंतीच्या बाजूने भरली होती, त्या काळी सगळेच भरायचे. ती दर पावसाळ्यात फुगून भिंतीला दाबते आणि दर उन्हाळ्यात भिंतीपासून सुटून फट पाडते, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या फटीतून सरळ पायापर्यंत. मागची आणि उजवीकडची भिंत बाहेरून खोदता येते, तिथे ही माती काढून भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग, मग खाली गिट्टी, भोकाचा पाइप आणि वर मुरूम असं ठरलंय. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूने अडवलं तर थर भिंतीला दाबला जातो, आतून अडवलं तर सुटतो, एवढं साधं आहे ते. पण सगळं एकदम खोदायचं नाही, पाच-सहा फुटांचा एक तुकडा खोदा, भरा, मग पुढचा. भिंतीला बाहेरच्या मातीचा आधार असतो आणि तो अख्खा एका दिवसात काढून घेतला तर धोका. उजव्या बाजूला कडुलिंब आहे, बाबांनी लावलेला, तो तोडायचा नाही हे मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं, तेवढा आठ फुटांचा भाग तसाच राहील.

समोरच्या भिंतीला बाहेरून हातच लागत नाही, वर पोर्च आहे. तिथे आतूनच जे जमेल ते. तिच्यावर बाबा दर दुसऱ्या दिवाळीला ऑइल पेंट मारायचे, ओल दिसू नये म्हणून, आणि दर वेळी पुढच्या श्रावणात त्याचे फुगे येऊन पापुद्रे पडायचे. आता कळतंय की ऑइल पेंटने भिंतीचा श्वासच बंद होतो, ओल आत कोंडते आणि पांढरा लोणा धरतो, तो क्षार प्लास्टरला आतून फोडत बाहेर येतो. म्हणून त्या भिंतीचं सिमेंट प्लास्टर ओलीच्या खुणेच्या वर दोन फुटांपर्यंत काढून तिथे चुन्याचं प्लास्टर आणि वरून चुन्याचाच हात. चुना ओल धरतो तशी सोडतोही. खाली चारी आहेच, थोडं पाझरलं तर त्यात जाईल. त्या भिंतीला चिकटून एकही कपाट नाही, चार इंच अंतर सोडून फक्त आईचा झोपाळा. आणि ते जे आतून मारायचं क्रिस्टलचं केमिकल सांगतात ना, ते काँक्रीटमध्ये काम करतं, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याची रिअॅक्शन होते, आमच्या भिंती विटांच्या आहेत त्यामुळे तिथे त्याचा काही फारसा उपयोग नव्हता. तिघांपैकी एकानेही हे सांगितलं नाही.

ओल बाहेरून येतेय की आतल्याच हवेची आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे, ती सगळ्यांनी करून बघा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा जाड तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या, खोलीकडच्या बाजूला दव आलं तर ते हवेतलं. आमच्या डाव्या भिंतीला मी कायम सीपेज समजत होते आणि निघालं हवेतलं दव. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची दमट गरम हवा खाली येते, गार भिंतीला लागते आणि थंड पाण्याच्या ग्लासवर जसं पाणी सुटतं तसं तिथे सुटतं. आम्ही पावसाळ्यात हवा खेळती राहावी म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायचो, म्हणजे रोज नवीन ओल आत बोलवायचो. आता उलटं. उन्हाळ्यात रात्री आणि पहाटे उघडायच्या, पावसाळ्यात बंद आणि एक छोटा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन.

आणि हो, कूलर. नागपूरकर म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, खाली एक कूलर ठेवून दे ना. नाही ठेवायचा. कूलर हवेत पाणी मिसळूनच गारवा देतो, ती दमट हवा बाहेर जायला मोठी वाट लागते, तळघरात ती वाट नसते, दोन दिवसांत पुस्तकांना बुरशी. भिंतीवरचा साधा पंखा आणि खिडकीत एक्झॉस्ट, बास. छताचा पंखा तसाही बीमच्या उंचीमुळे होत नाही.

आता नियमांचं. हे लोक टाळतात म्हणून लिहितेय. राज्याची २०२० ची बांधकाम नियमावली आहे, तळघर हे राहण्याची खोली म्हणून मंजूर होत नाही, ते सामान ठेवायला, पार्किंगला, यंत्रं ठेवायला असतं, आणि उंचीचाही नियम आहे, फरशीपासून निदान २.४ मीटर. आमच्या १९८४ च्या मंजूर नकाशात ‘स्टोअर’ असंच लिहिलंय. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये बेडरूम नाही, टॉयलेट नाही, किचनचं काही नाही. रात्री खाली कोणीही झोपणार नाही, पाहुणे कितीही आले तरी. आर्किटेक्टना मी सांगितलंय की खिडकी मोठी करायला जी परवानगी लागेल ती रीतसर घ्या, उशीर झाला तरी चालेल. गॅसचं सिलिंडर तर चुकूनही खाली नको, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळघरात खाली साठून राहतो. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यासुद्धा वरच.

२७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका कोचिंगच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी शिरून तीन मुलं गेली. ती बातमी मी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी माझ्या टेबलावर आमच्या ‘वाचनखोली’चं पहिलं स्केच होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि पंधरा दिवस हात लावला नाही. शिकायला गेलेली मुलं होती ती. मग इंजिनिअर काकांना फोन केला आणि विचारलं, आमच्या तळघराला एकच जिना आहे, पाणी जिन्यावरून आलं तर? त्यांनी सांगितलं, दरवाज्याच्या एका बाजूला तीन फूट पाणी साठलं तर तीन फूट रुंदीच्या दारावर साडेतीनशे किलोच्या वर दाब येतो, आतला माणूस ते ढकलूच शकत नाही. दुसरी वाट पाहिजेच.

ती दुसरी वाट म्हणजे मागची खिडकी. दोन छोट्या खिडक्यांच्या जागी एक मोठी, पाच फूट रुंद आणि अडीच फूट उंच, तिचा उंबरा अंगणापासून फूटभर वर, म्हणजे अंगणात घोटाभर पाणी साठलं तरी आत येणार नाही. वर नवीन लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, कारण भिंत लोडबेअरिंग आहे, वरच्या घराचं वजन तिच्यावर आहे. आणि ग्रिल उघडणारं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, आतून साध्या खिट्टीने, कुलूप नाही. आपल्याकडे खिडकीला फिक्स ग्रिल ठोकायची इतकी सवय आहे की फॅब्रिकेटरला तीन वेळा सांगावं लागलं. खिडकीखाली पायरीपायरीची पुस्तकांची मांडणी करतोय, म्हणजे एरवी ती शेल्फ आणि वेळ आली तर जिना.

मुख्य जिन्याचंही काम आहेच. १३ पायऱ्या, एकेक आठ इंच उंच, पाय ठेवायला जेमतेम साडेआठ इंच, आणि आईचे गुडघे. एक पायरी वाढवून १४ केल्या तर उंची साडेसात इंचांच्या आत येते, पाय ठेवायला दहा इंच मिळतात, पण जिना सव्वादोन फूट पुढे सरकतो आणि तेवढी खोली कमी होते. भावाचं म्हणणं होतं जागा कशाला घालवता, पण ज्या माणसासाठी खोली करतोय तिलाच उतरता आलं नाही तर २२ फूट काय आणि २० फूट काय. दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक पायरीवर उजेड पडेल असा दिवा.

वायरिंग पूर्ण नवीन. बोर्ड वरच्या मजल्यावर, तळघराचा वेगळा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलीअँपचा, सगळे सॉकेट चार फुटांच्या वर. प्लायवूड जिथे लागेल तिथे वॉटरप्रूफ ग्रेडचंच आणि तेही जमिनीला टेकणार नाही, खाली कोटा फरशीचे तुकडे, कारण पाण्यानंतर दुसरी भीती उधईची आणि आमच्या मागच्या अंगणात ती आहे. पीओपी, जिप्सम, वॉलपेपर, लाकडी फ्लोअरिंग हे सगळं यादीतून काढलं. फरशी तीच शहाबादी राहणार. उचलताना फुटणाऱ्या काही फरश्या बदलाव्या लागतील, पण बाकी त्याच, मला तो पाठीला लागणारा गारवाच हवाय.

पैशांचं म्हणाल तर आमच्या बजेटचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरची माती, पाइप, चारी, पंप यातच जातोय, म्हणजे काम झाल्यावर जे कोणाला दिसणारच नाही त्यात. आधी त्रास झाला ते बघून. आता होत नाही.

क्रम असा लावलाय की मृगाच्या आत गच्चीचे पाइप लांब नेणं आणि मोरी बंद करणं, एवढी दोनच कामं, सोमवारी प्लंबर येतोय. मग अख्खा पावसाळा फक्त बघायचं, दोरी आणि पेन्सिल चालूच, या दोन कामांनीच किती फरक पडतो ते कळेल, कदाचित चारी छोटी करूनही भागेल. दिवाळीनंतर बाहेरचं खोदकाम, डिसेंबरात आतलं, जानेवारी-फेब्रुवारी भिंती नुसत्या वाळू द्यायच्या, चुन्याला घाई चालत नाही. पुढच्या मे महिन्यापर्यंत बाबांची खुर्ची खिडकीपाशी लागावी एवढी इच्छा.

आईला काल प्लॅन दाखवला. तिने जिना बघितला, झोपाळा बघितला, मग विचारलं ट्रंक कुठे ठेवशील. २०२३ पासून महालक्ष्म्यांची ट्रंक तिच्या पलंगाखालीच आहे, खाली न्यायचं नावच काढू देत नाही. मी डाव्या भिंतीत साडेचार फुटांवर तिच्यासाठी एक मोठी देवळी काढून दाखवली, त्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या अडीच फूट वर, आणि खुणेची जागाही बोटाने दाखवली. ती बराच वेळ कागद बघत बसली आणि म्हणाली, चांगली आहे, होऊ दे काम, एक पावसाळा रिकामीच ठेव, मग बघू.